भार किती ते सांगितलंत, कुठे ते सांगा

आपल्याकडच्या बांधकामाबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. ती सिमेंटमधल्या भेसळीबद्दल नाही, मिस्त्रींबद्दल नाही आणि कंत्राटदारांबद्दल तर नाहीच, त्यांना शिव्या द्यायला बाकी सगळे आहेतच. माझी तक्रार एका न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. बीमवर वजन किती येणार हे घरमालक विचारतो, इंजिनियर विचारतो, अगदी सल्ला द्यायला आलेला शेजारीही विचारतो. पण ते वजन बीमच्या बरोब्बर मधोमध बसणार आहे की त्याच्या कुशीला लटकणार आहे, हे फारसं कोणी विचारत नाही. आणि माझं म्हणणं असं आहे की हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, काही ठिकाणी तर जास्तच.

(नवीन वाचकांसाठी: डिग्री सिव्हिलची, भाकरी सॉफ्टवेअरची. त्यामुळे अधूनमधून वीकेंडला जुनी पुस्तकं बाहेर निघतात आणि मग हे असले लेख होतात. चालवून घ्या.)

आधी विषय काय ते सांगतो. बीमच्या अंगातून एक पायरी बाहेर काढायची आणि तिच्यावर दुसरं काहीतरी टेकवायचं, या पायरीला लेज म्हणतात. कारखान्यात ओतून आणलेल्या प्रीकास्ट इमारतीत असे बीम सर्रास असतात. एका बाजूला पायरी असेल तर आकार इंग्रजी एल सारखा दिसतो, दोन्ही बाजूंना असेल तर उलट्या टी सारखा. स्लॅबच्या फळ्या आणून नुसत्या त्या पायरीवर ठेवायच्या. पुलाच्या खांबावरच्या कॅपलाही बऱ्याचदा अशी पायरी असते आणि गर्डर तिच्यावर टेकतात. तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कुठला आलाय प्रीकास्ट? बरोबर. पण आपल्या गावात छज्जा आहे, गॅलरी आहे, दुकानाच्या वर रस्त्याकडे काढलेला चार फुटांचा स्लॅब आहे. बीमच्या दृष्टीने हे सगळे एकाच जातीचे. वजन अंगावर नाही, कुशीला. आणि कुशीला वजन आलं की बीम नुसता वाकत नाही, तो पिळला जातो. यालाच टॉर्शन म्हणायचं. मराठीत साधा शब्द आहे, पीळ.

पीळ काय करतो ते बघायचं असेल तर एक खडू घ्या आणि दोन्ही हातांनी विरुद्ध दिशेने पिळा. तो सरळ आडवा तुटत नाही, तिरका तुटतो, गोल जिन्यासारखी चीर जाते. काँक्रीटचा बीमही असाच फाटतो. चीर एका बाजूने तिरकी वर चढते, माथ्यावरून पलीकडे जाते आणि मागच्या बाजूने खाली उतरते. म्हणून तिला अडवायला लोखंडही चारी बाजूंनी लागतं, पूर्ण बंद रिंगा आणि चार कोपऱ्यांत उभ्या लांबीच्या सळया. दुसरा प्रयोग कागदाचा. कागदाची नळी करून कडा नीट चिकटवा आणि पिळून बघा, चांगलीच घट्ट लागते. आता तीच नळी लांबीत एकदा कापा आणि पुन्हा पिळा. जीवच गेला तिचा! कागद तेवढाच, वजन तेवढंच, गोलाई तुटली इतकंच. बीममधली रिंग उघडी राहणं म्हणजे ही कापलेली नळी.

आता आकडे. आकड्यांशिवाय मत म्हणजे नुसती कुरकुर.

समजा नऊ इंच रुंद आणि दीड फूट खोल, म्हणजे २३० बाय ४५० मिलिमीटरचा बीम आहे, दोन कॉलममधलं अंतर ४ मीटर. त्याच्यावर भिंत आहे, आणि बाहेर १.२ मीटरची म्हणजे चार फुटांची गॅलरी. गॅलरीचा स्लॅब आणि फरशी मिळून चौरस मीटरला ४ किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलो), माणसांसाठी राहत्या घराच्या बाल्कनीला धरतात ते ३, आणि टोकाला कठडा मीटरला दीड. बीमचं स्वतःचं वजन आणि वरची भिंत धरून एका मीटरला एकूण साडेचोवीस किलोन्यूटन होतात. हे झालं 'किती'. आता 'कुठे'. गॅलरीचं वजन बीमच्या मध्यरेषेपासून सरासरी ७१५ मिलिमीटर लांब आहे, कठडा तर १.३ मीटरवर. दोन्हींचा पीळ मीटरमागे ८ किलोन्यूटन-मीटर. चार मीटरचा पीळ दोन टोकांत वाटला की प्रत्येक कॉलमपाशी १६, आणि सुरक्षेचा दीड गुणक लावला की २४.

आपल्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या संहितेत, २००० सालच्या आवृत्तीत, पीळ मोजायची एक सोपी युक्ती आहे. कलम ४१. पीळ घ्या, त्याला १.६ ने गुणा, बीमच्या रुंदीने भागा आणि जे येईल ते सरळ शिअरमध्ये मिळवा. आपल्या बीमचा खरा शिअर आहे साधारण ७३ किलोन्यूटन. पिळामुळे त्यात मिळवायचे १६७! बेरीज २४०. म्हणजे ज्या गोष्टीचा कोणी विचारच केला नव्हता ती विचार केलेल्या गोष्टीच्या दुपटीहून मोठी निघाली. हा बीम पास होतो, पण जेमतेम. दर चौरस मिलिमीटरला अडीच न्यूटनच्या वर ताण जातो, आणि एम-२० काँक्रीटला, कितीही लोखंड घातलं तरी, २.८ च्या पुढे परवानगी नाही.

आता घरमालक म्हणतो, "एवढी गॅलरी काढतोच आहोत तर अजून फूटभर काढा की." वजन किती वाढलं? साडेचोवीसचे साडेसव्वीस, नऊ टक्क्यांच्या आत. कोणाला काही वाटणारही नाही. पीळ मात्र ८ वरून साडेअकरावर गेला, ४४ टक्के. हिशोब पुन्हा केला तर ताण येतो ३.४ च्या आसपास. एम-२० सोडा, एम-२५ ची मर्यादाही ३.१ आहे. म्हणजे हा बीम आता लोखंड वाढवून वाचत नाही, तो रुंदच करावा लागतो.

दोन वर्षांनी घरात माणसं वाढली, गॅलरी बंद करून खोली केली. कठड्याच्या जागी चार इंची भिंत, मीटरला साधारण ६ किलोन्यूटन, आणि तीही सगळ्यात लांबच्या टोकाला. चार फुटांच्या मूळ गॅलरीतसुद्धा पीळ पावणेदोनपट झाला. पुण्या-मुंबईतल्या बंद केलेल्या बाल्कन्या मोजायला बसलात तर वीकेंड पुरणार नाही. त्यातल्या किती जणांनी बीमला विचारलं असेल?

लगेच घाबरून घरातल्या गॅलरीकडे बघू नका, कारण इथे एक मोठा 'पण' आहे. गॅलरीचा स्लॅब आतल्या खोलीच्या स्लॅबशी सलग असेल आणि त्याच्या वरच्या सळया नीट आत लांबपर्यंत गेलेल्या असतील, तर गॅलरीला तोलून धरायचं काम आतला स्लॅब करतो. आपण बैलगाडीचं जू दाबून मागचा भार उचलतो ना, तसं. मग बीमला पीळ येतो तो थोडासा, आणि बीमने थोडी चीर देऊन अंग काढून घेतलं तरी इमारत उभी राहते. या प्रकारच्या पिळाकडे दुर्लक्ष करायची परवानगी संहिता स्वतः देते, आणि ती योग्य आहे.

पण आत स्लॅबच नसेल तर? आत जिन्याची पोकळी असेल, आत पत्र्याचं छत असेल, आतला स्लॅब बाथरूमसाठी नऊ इंच खाली सोडलेला असेल, किंवा लेजवर नुसत्या ठेवलेल्या प्रीकास्ट फळ्या असतील, तर तोलून धरायला दुसरं कोणी नाही. पीळ बीमनेच घ्यायचा, नाहीतर गॅलरी खाली. हा दुसरा प्रकार. सॉफ्टवेअरवाल्या मंडळींना सांगायचं तर पहिला प्रकार म्हणजे ऑप्शनल डिपेंडन्सी, नाही मिळाली तरी प्रोग्रॅम चालतो. दुसरा म्हणजे अशी डिपेंडन्सी की ती नसेल तर प्रोग्रॅम सुरूच होणार नाही. माझा आक्षेप असा की पहिल्या प्रकारासाठी दिलेली सवलत हळूहळू सवय झाली, आणि सवय दुसऱ्या प्रकारालाही लागली. "टॉर्शन? अरे ते इग्नोर करतात." कधी करतात आणि कधी करत नाहीत, हे वाक्याचं शेपूट वाटेत कुठेतरी गळून पडलं.

आता आमच्या बिरादरीकडे येतो, कारण यात आमचाही हात आहे. अॅनालिसिसच्या पॅकेजमध्ये बीम म्हणजे एक रेघ. रेघेला लांबी असते, रुंदी नसते, त्यामुळे कूसही नसते. गॅलरीचा स्लॅब वेगळा काढण्यापेक्षा त्याचं मीटरमागचं वजन काढून रेघेवर ठेवून देणं सोपं पडतं, आणि घाईत तेच होतं. मग प्रोग्रॅम चालतो, एरर नाही, वॉर्निंग नाही. तपासणी म्हणून सगळ्या खांबांखालची बेरीज आणि एकूण वजन जुळवून बघितलं जातं, आणि ते अगदी किलोपर्यंत जुळतं! जुळणारच, वजन कुठेच हरवलेलं नाही. हरवलं आहे ते अंतर. चेकसम बरोबर आहे आणि फाईल चुकीची आहे, असा हा प्रकार. प्रोग्रॅमला जे सांगितलंच नाही त्याबद्दल तो धोक्याची घंटा कशी वाजवणार? माझ्या मते पॅकेज बनवणाऱ्यांनी रेघेवर भार टाकताना 'मध्यरेषेपासून अंतर' हा रकाना रिकामा सोडूच देऊ नये. शून्य असेल तर माणसाने स्वतःच्या बोटाने शून्य टाकावं. गप्प बसून घेतलेल्या शून्यासारखं धोकादायक काही नाही.

टेस्टिंगवाल्यांसाठी तर यात एक फारच सुंदर उदाहरण आहे. उलट्या टी चा बीम घ्या, दोन्ही बाजूंना पायऱ्या, दोन्हींवर स्लॅब. प्रत्येक बाजूने मीटरला १५ किलोन्यूटन स्लॅबचं वजन आणि १० माणसांचं, टेकायची जागा मध्यरेषेपासून पाव मीटरवर. हॉल खच्चून भरला, एकूण भार ५०. पीळ? शून्य. दोन्ही बाजू तराजूसारख्या. आता एका बाजूची माणसं उठून गेली, भार ४० झाला. पीळ मीटरमागे अडीच. आणि बांधकाम चालू असताना क्रेनने एका बाजूच्या सगळ्या फळ्या ठेवल्या आणि मग जेवायची सुट्टी झाली, तर भार फक्त १५, पण पीळ पावणेचार! सगळ्यात कमी वजन, सगळ्यात जास्त पीळ. 'मॅक्सिमम लोडला टेस्ट केलं, पास झालं' म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे उदाहरण दाखवावं. म्हणूनच प्रीकास्टच्या कामात फळ्या कुठल्या क्रमाने ठेवायच्या हेही ड्रॉइंगवर लिहावं लागतं, आणि टेकू कधी काढायचे हेही.

हे सगळं लिहिताना डोळ्यापुढे एक गाव आहे. बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रम. शुकदास महाराजांनी उभा केलेला विवेकानंद आश्रम इथे आहे, आणि त्याच्याभोवती शाळा-कॉलेज-वसतिगृहं. पौष महिन्यात तिथीने विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो, लाखांनी लोक येतात, मोकळ्या मैदानात जमिनीवर पंगती बसतात आणि पुरी-वांग्याची भाजी ट्रॅक्टरने वाटली जाते. नियोजन म्हणून बघण्यासारखी गोष्ट आहे ती. हिवरा आश्रमात काही दुर्घटना झाली म्हणून मी हे नाव घेत नाहीये. नाव घेतोय ते अशासाठी, की लहान गाव आणि एका दिवसाची प्रचंड गर्दी हे गणित महाराष्ट्रात शेकडो ठिकाणी आहे. पालखीच्या वाटेवरची गावं घ्या, जत्रेची घ्या, गणपती विसर्जनाचा रस्ता घ्या. खालची गर्दी जमिनीवर असते, आणि जमीन कोणाला नाही म्हणत नाही. वरची गर्दी मात्र रस्त्याकडच्या छज्ज्यावर आणि गॅलरीत असते, आणि तिथेही ती भिंतीला टेकून उभी राहत नाही. मिरवणूक बघायची म्हणजे कठड्याला रेलायचं. म्हणजे सगळं वजन बीमपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब.

आकडा बघा. ज्याच्यावर कोणी चढायचं नाही अशा छपराला आयएस ८७५ मध्ये चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन धरतात. पंचाहत्तर किलो, म्हणजे एक माणूस. जिथे लोक दाटीने उभे राहतात अशा जागेला धरतात ५, म्हणजे पाचशे किलो. साध्या छज्ज्यावर उत्सवाच्या दिवशी पोरं चढली की छज्जा पहिल्या हिशोबाचा असतो आणि भार दुसऱ्या हिशोबाचा. वर पुन्हा सगळा एका बाजूला. वर्षातले ३६४ दिवस काही होत नाही, आणि त्या ३६४ दिवसांचा पुरावा देऊन ३६५ व्या दिवशी लोक वर चढतात.

"काही होत नाही भाऊ, वीस वर्षं झाली असंच करून राह्यलो," हे वाक्य आमच्या भागातल्या कुठल्याही मिस्त्रीकडून ऐकायला मिळतं. त्यात खोटं काही नाही. काँक्रीटमध्ये स्वतःचा थोडा दम असतो, सुरक्षेचा गुणक असतो, आतल्या स्लॅबची मदत असते, आणि वरच्या भिंतीचं वजन बीमला दाबून ठेवतं. या सगळ्यांनी मिळून वीस वर्षं सांभाळलेलं असतं. त्यातला एक जरी बाजूला झाला तरी हिशोब बदलतो. उदाहरणार्थ खिडकीवरचा छज्जा. लिंटेलमधून बाहेर काढलेला हा छज्जा उलटत नाही कारण लिंटेलच्या डोक्यावर भिंत असते. पण भिंत चढायच्या आधीच खालच्या बल्ल्या काढल्या तर? तेव्हा त्याला दाबून धरणारं काहीच नाही. आयएस ४५६ चं कलम २० नेमकं हेच सांगतं, की उलटवणारा जोर मोजताना छज्ज्याचं वजन १.२ पट आणि माणसांचं १.४ पट धरा, आणि सावरणारं वजन मात्र ०.९ च धरा. किती व्यवहारी नियम आहे! शत्रूला वाढवून मोजा, मित्राला कमी करून.

याच मेहकर तालुक्यात जुनी हेमाडपंती धर्मशाळा आहे, आणि जवळच लोणारला दैत्यसूदनाचं मंदिर. हेमाडपंती बांधणीत खांबाच्या डोक्यावर दगडाचे हात चारी बाजूंना सारखे पसरलेले असतात, बऱ्याचदा त्यांच्यावर भार पेलणारे यक्ष कोरलेले असतात. तुळई खांबाच्या मध्यावर येते, दोन्हीकडचा भार एकमेकांना तोलतो. बाहेर डोकावणाऱ्या दगडाची शेपटी आत असते आणि तिच्यावर वरचं बांधकाम बसलेलं असतं. त्या कारागिरांना हे करावंच लागत होतं, कारण दगडाला ताण सोसत नाही आणि त्याच्या पोटात सळई घालता येत नाही. म्हणून भार कुठे बसतो याच्याकडे त्यांचं सतत लक्ष. आपल्याला लोखंड मिळालं आणि भार कुठेही लटकवायची मोकळीक मिळाली. मोकळीक वाईट नाही, पण 'कुठे' विचारायची सवय तिच्याबरोबर गेली. जुनं तेवढं सोनं असं मी म्हणणार नाही. ती सवय मात्र सोन्याची होती.

आता लेजच्या खऱ्या मर्मस्थानाकडे, कारण पीळ हा एकच धोका नाही. पायरी बहुतेक वेळा बीमच्या तळाशी असते. म्हणजे भार येतो खाली, आणि बीमचं बळ चालतं ते पूर्ण उंचीवर. तळाशी आलेला भार आधी उचलून वर न्यावा लागतो, विहिरीतून बादली ओढावी तसा. ही दोरी म्हणजे रिंगेचा पायरीकडचा उभा पाय. ८ मिलिमीटरच्या सळईचा एक पाय साधारण १८ किलोन्यूटन उचलतो. पायरीवर जितका भार, तितके पाय तिथे हवेत, आणि पायरीचं स्वतःचं लोखंड त्या पायांत नीट अडकलेलं हवं. ते अडकलं नाही तर पायरी बीमपासून सरळ सोलून निघते, आणि बाकी बीम शाबूत राहतो.

ही कल्पनेतली भीती नाही. कॅनडात क्यूबेक प्रांतातल्या लावाल शहरात दे ला कॉन्कॉर्ड नावाचा उड्डाणपूल होता, १९७० चा. त्याचा मधला भाग दोन्ही बाजूंनी आलेल्या कॅन्टिलिव्हरच्या टोकाला केलेल्या पायरीवर टेकलेला होता. ३० सप्टेंबर २००६ ला दुपारी तो कोसळला. ५ माणसं गेली, ६ जखमी झाली. पडायच्या तासभर आधी काँक्रीटचे तुकडे पडल्याची खबर मिळून एक निरीक्षक तिथे येऊनही गेला होता. पियर मार्क जॉन्सन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने २००७ मध्ये अहवाल दिला. त्यातली मुख्य गोष्ट अशी, की भार वर उचलून नेणारं लोखंड जिथे आणि जसं अडकायला हवं होतं तसं ते बसवलंच नव्हतं, त्यामुळे मध्ये एक बिनलोखंडाची पट्टी राहिली. जोडीला त्या जाड स्लॅबमध्ये शिअरचं लोखंड नव्हतं आणि काँक्रीटही हलकं होतं. काही इंचांचा फरक ३६ वर्षं गप्प बसला. लोखंड होतं. किती हा प्रश्न सुटलेला होता, कुठे हा राहिला होता.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर लेख एकतर्फी होईल. बंद रिंगा हा देवाचा शब्द नाही. अमेरिकेत पार्किंगच्या इमारतींत कडेला उंच आणि अरुंद असे एल आकाराचे प्रीकास्ट बीम असतात. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीत अशा पूर्ण मापाच्या बीमवर चाचण्या झाल्या आणि २०१० च्या आसपास त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उंची जाडीच्या कितीतरी पट असली की बीम खडूसारखा गोल फाटत नाही, एखाद्या उभ्या फळीसारखा तिरका वाकतो, आणि तिथे बंद रिंगांऐवजी दोन्ही अंगांना सुट्या जाळ्या पुरतात. कामगारांचा प्रचंड त्रास वाचतो. मला हे काम फार आवडतं, कारण त्यांनी नियम सवयीने मोडला नाही, आधी मोजून पाहिलं आणि मग मोडला. आपला २३० बाय ४५० चा बीम मात्र तसा नाही. उंची रुंदीच्या दुप्पटही नाही. इथे रिंग बंदच हवी.

आणि बंद म्हणजे खरोखर बंद. रिंगेचं टोक काटकोनात वाकवून सोडलं तर बाहेरचं काँक्रीट सुटल्याबरोबर ते उघडतं. टोक १३५ अंशात वळवून बीमच्या पोटात घुसलं पाहिजे. भूकंपाच्या संहितेत, आयएस १३९२० मध्ये, हेच सांगितलंय, आणि पिळालाही तेच औषध. अंतराचाही नियम आहे. रिंगेची आखूड बाजू, किंवा आखूड आणि लांब बाजूंच्या बेरजेचा चौथा भाग, किंवा ३०० मिलिमीटर, यातलं सगळ्यात लहान. आपल्या बीमला ते येतं सुमारे १४० मिलिमीटर, साडेपाच इंच. साइटवर ठरलेली भाषा असते 'टोकाला सहा इंच, मध्ये आठ इंच'. पिळाच्या बीमला ही भाषा चालत नाही, पण ड्रॉइंगवर तसं लिहिलेलं नसेल तर लोखंड बांधणाऱ्याने कुठून ओळखायचं? त्याला बीम सगळे सारखेच दिसतात. म्हणून म्हणतो, मिस्त्रीला दोष देण्याआधी कागद बघा.

थोडक्यात माझ्या मागण्या चारच आहेत. एक, ज्या बीमच्या कुशीला काहीही लटकतंय त्या प्रत्येक बीमचा एक मोठा छेद ड्रॉइंगवर हवा, त्यात रिंगेचे आकडे कसे वळवायचे ते आणि भार कुठून कुठे जातो तो बाण हवा. दोन, त्या बीमच्या आत सलग स्लॅब आहे की पोकळी, हे एका ओळीत लिहिलेलं हवं, म्हणजे उद्या कोणी आतला स्लॅब तोडून जिना काढायला निघाला तर त्याला कळेल. तीन, टेकू कधी आणि कुठल्या क्रमाने काढायचे ते त्याच कागदावर. चार, घरमालकाला गॅलरी फूटभर वाढवायची असेल किंवा बंद करायची असेल तर पुन्हा हिशोब, फुकटात 'काढा हो' नाही. यातल्या पहिल्या तीन गोष्टींना खर्च येतो तो अर्ध्या दिवसाचा. दीड किलो जास्त लोखंडावरून आपण दुकानात तासभर हुज्जत घालतो, त्या मानाने काहीच नाही.

सुंभ जळतो पण पीळ जात नाही, असं आपण माणसांबद्दल म्हणतो. काँक्रीटमध्येही पीळ दुर्लक्ष केल्याने जात नाही. कोणीतरी तो घेतच असतं, बीम नाहीतर कॉलम, आणि तेही नाही तर खाली उभा असलेला माणूस. आपल्याला फक्त आधी ठरवायचं असतं की कोणी घ्यायचा.

पुढच्या वेळी गॅलरीचा स्लॅब टाकणार असाल तर इंजिनियरला सिमेंटच्या गोण्या किती लागतील हे विचाराच. पण त्याच्या आधी एवढंच विचारा, "साहेब, हे वजन नेमकं बसतंय कुठे?" उत्तर द्यायला त्यांनी पेन्सिल उचलली की समजा काम चांगल्या हातात आहे.